अइदग

पुणे

प्रिय सुलभे,

तुझं पत्र सूनबाईने दोनदा वाचून दाखवलं. उत्तर मोबाईलला सांगून लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर पाप त्याच्या माथी.

काचबिंदूने काय केलं ते तुला ठाऊक आहे. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि गेलेली नजर परत देत नाही. जन्मभर मुद्रितं तपासली. रडू आलं ते अंधाराचं कमी, ‘आता आपण कुणाच्या कामाच्या?’ याचं जास्त. पुढचे महिने खाटेवर रेडिओ ऐकत गेले. ते असोत.

मग ब्रेल शिकायला गेले. पन्नाशी उलटल्यावर बोटं लवकर शहाणी होत नाहीत गं. टिंबं सहाच, पण ‘ज’ आणि ‘ह’ ही एकमेकांची आरशातली रूपं. कितीदा ‘जात’चा ‘हात’ केला! पाटीवर लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. ऱ्हस्व वेलांटी मात्र इथे अक्षराआधी नाही, उच्चारात येते तशी नंतर येते. दीर्घ ‘ई’ वेगळी आहेच, म्हणजे ती कटकट इथेही सुटली नाही. बरं वाटलं.

एकदा इतिहासाच्या पुस्तकात बोटाला ‘अइदग’ लागलं. पुन्हा चाचपलं, तरी ‘अइदग’च. ब्रेलमध्ये अंकांची वेगळी अक्षरं नसतात. अक्षरांआधी अंकचिन्ह दिलं की त्यांचेच अंक होतात. ते चिन्ह राहिलं होतं. म्हणजे तिथे १९४७ होतं! सुलभे, मी भर वर्गात खो खो हसले. सर जन्मांध आहेत. त्यांनी अख्खं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, “बाई, सगळंच बघून टाका.”

तेव्हापासून हेच करतेय. संगणक मजकूर झटकन ब्रेलमध्ये उतरवतो, पण तक्ते आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्द यांत घोळ घालतो. अंध पोराला शेजारच्याच्या पुस्तकात डोकावून चूक पडताळता येत नाही, म्हणून मी पूर्वीपेक्षाही खवचट झालेय. मानधन फुटकळ. दिवाळी अंकांच्या घाईतली ती जुनी चिडचीड मात्र परत आलीय, आणि घरचे ती आनंदाने सोसताहेत.

आता मुद्द्याचं. मी बोट फिरवताना मूळ प्रत मोठ्याने वाचणारं डोळस माणूस लागतं. सध्याचा मुलगा स्वल्पविराम गिळतो. तू शाळेतून निवृत्त झालीसच, तर शनिवारी येत जा. विरामचिन्हांसकट वाचायचं, एवढीच अट. कळव.

तुझी,
शालन