कमरेला लावायचे शस्त्र आणि गोव्याची हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शस्त्रपरवाना हाती पडला की सराफ, पेट्रोलपंपाचे मालक, रोकड घेऊन फिरणारे काजूचे व्यापारी या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : रोज कमरेला लावता येईल असे लहानात लहान कुठले? हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. लाखाच्या घरातली रक्कम मोजून आणलेले शस्त्र दोन महिन्यांत कपाटात जाऊन बसते, कारण ते पातळ शर्टातून दिसते, स्कूटरवर टोचते किंवा पहिल्याच पावसाळ्यात तांबूस पडते. लहानपणापेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात. ते आपल्या हवेत आणि आपल्या कपड्यांत दिवसभर अंगावर राहील का, आणि तीन-चार मीटरवर आपल्याला त्याने नेम धरता येईल का?

निवड मुळातच फार मोठी नाही. इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओंत दिसणारी आटोपशीर पिस्तुले बहुतेक ९ मि.मी.ची असतात. आपल्याकडे तो प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. सामान्य नागरिकासाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे बाजारात फिरणारी जुनी वेब्ली, वॉल्थर, ब्राऊनिंग यांची किंमत त्यांच्या अवस्थेपेक्षा नावावर ठरते. उरतात ती .३२ आणि .२२ बोअरची देशी शस्त्रे. कानपूरचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे. २०२३ मध्ये आलेले 'प्रबल' रिव्हॉल्व्हर ६७५ ग्रॅमचे, ७६ मि.मी. नळीचे. त्याचे सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरे असलेला फिरता भाग, बाजूला उघडते, तर जुन्या देशी रिव्हॉल्व्हरची नळी बिजागरीवर पुढे मोडते. पिस्तुलांत 'अशनी' आणि जुन्या ब्राऊनिंग धाटणीची .३२ पिस्तुले आहेत.

'.३२' या आकड्याने मात्र घोटाळा होतो. रिव्हॉल्व्हरला लागते ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस : लांब, बुडाशी कडा बाहेर आलेले, त्यात साधारण सव्वासहा ग्रॅमची शिशाची गोळी. पिस्तुलाला लागते ते .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मि.मी. : आखूड काडतूस, त्यात साडेचार ग्रॅमची, तांब्याच्या आवरणाची गोळी. एसीपी काडतूस काही जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात सहज बसते. बसते म्हणून ते उडवू नये. त्याचा दाब त्या सिलिंडरसाठी ठरवलेल्या दाबापेक्षा जास्त असतो. डबीवरचे पूर्ण नाव वाचूनच काडतुसे घ्यावीत. खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांवर 'केएफ' ही अक्षरे असतात, पण ती कारखान्याची खूण आहे. काडतुसाचा प्रकार ओळखायला डबीच लागते.

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? पिस्तूल चपटे, शर्टाखाली छान बसते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर मध्ये फुगते आणि तेवढीच जागा कापडावर उमटते. तरीही नवख्या परवानाधारकाने रिव्हॉल्व्हरच घ्यावे असे माझे ठाम मत आहे. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचे घर येते. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून ते काडतूस बाहेर काढावे लागते आणि हे घाबरलेल्या, घामेजल्या हातांनी करायचे असते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जुन्या ब्राऊनिंग धाटणीच्या पिस्तुलात स्ट्रायकर (काडतुसावर आघात करणारी पिन) ताणलेल्या स्प्रिंगवर असतो आणि त्याला स्वतंत्रपणे अडवणारा खिळा नसतो. नळीत काडतूस ठेवून असे पिस्तूल पडले तर सेफ्टीवर भिस्त ठेवता येत नाही. ते बाळगायचे तर मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरलेले आणि नळी रिकामी. जुन्या रिव्हॉल्व्हरलाही हाच न्याय. घोडा (मागून काडतुसावर आपटणारा भाग) आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर आहे याची कारागिराकडून खात्री झाली नसेल, तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे, म्हणजे सहाऐवजी पाच.

वजनाच्या बाबतीत हलके तेच चांगले असे धरून चालू नये. हलके रिव्हॉल्व्हर दिवसभर जाणवत नाही हे खरे. पण घोडा न ताणता ट्रिगर ओढायला जोर लागतो, आणि हलक्या शस्त्राचे तोंड त्या जोराने खाली झुकते. चार मीटरवर ती गोळी छातीऐवजी जमिनीकडे जाते. .३२ हे काही फार ताकदीचे काडतूस नाही, म्हणून नेम चुकून चालत नाही. मूठ हातात धरली की करंगळी हवेत लटकते का हे पाहावे. लटकत असेल तर थोडी मोठी मूठ बसवून घ्यावी. त्याने पाऊण इंच लपवायला वाढते, पण पकड येते.

दुकानात पैसे देण्याआधी अर्धा तास तरी काढावा. शस्त्र रिकामे आहे हे स्वतः उघडून, बोट घालून पाहावे. तोंड कायम सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. मग विक्रेत्याची परवानगी घेऊन, घरांत नकली काडतुसे घालून ट्रिगर हळू ओढावा आणि ओढलेलाच धरून सिलिंडर हलवून पाहावे. किंचित हालचाल चालते, खडखड नको. सहाही घरांवर हेच करावे, कारण एखादेच घर नळीशी नीट जुळत नाही असे होते. मग गोळी नळीच्या कडेला घासून शिशाचे कण बाजूने उडतात, ते बोटांना आणि डोळ्यांना लागतात. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट गेजने मोजावी. ०.१ ते ०.२ मि.मी. ठीक. मोडत्या रिव्हॉल्व्हरची नळी आणि मूठ धरून बिजागरीत ढिलाई आहे का पाहावे. ती ढिली असली तर दर गोळीगणिक वाढते आणि तिची दुरुस्ती सोपी नसते. नळीत उजेड टाकून आतला भाग आणि तोंडाची कड तपासावी. जुन्या शस्त्रात खड्डे पडलेले असतील तर ते पॉलिश करून जात नाहीत. शेवटी शस्त्रावरचा क्रमांक बिलातल्या क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. परवान्यावर नोंद करताना एका आकड्याचा फरक पडला तर पुढे प्रत्येक नूतनीकरणाला तोच विषय निघतो.

होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर ठेवायचे म्यान, ही शस्त्राइतकीच महत्त्वाची खरेदी आहे आणि तिथेच सगळे काटकसर करतात. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात असले पाहिजे. म्हणजे झाकून बाळगणे ही आपल्याकडे आवड नसून अट आहे. शर्टावरून पट्टा दिसेल असे मिरवणे नियमभंग ठरते, आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजारात जाणे हाही ताबा सोडणेच. चांगल्या होल्स्टरच्या तीन खुणा : ट्रिगर पूर्ण झाकला जातो, शस्त्र काढल्यावरही तोंड मिटत नाही, आणि उलटे धरले तरी शस्त्र सुटून पडत नाही. बाजारातली मऊ रेक्झिनची, सगळ्या मापांना चालणारी पाकिटे या तिन्हींत नापास होतात. खिशात ठेवायचे तर खिशाचेच होल्स्टर हवे आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्लीचे टोक ट्रिगरगार्डमध्ये शिरायला वेळ लागत नाही. होल्स्टर कापडी बारीक पट्ट्यावर लावू नये. दीड इंच रुंदीचा, दोन थरांचा, न दुमडणारा पट्टा नसेल तर मूठ बाहेर झुकते आणि सगळे लपवणे वाया जाते.

जागा कुठली, हे स्कूटरवर बसून ठरवावे. आरशासमोर उभे राहून ते कळत नाही. गोव्यात अर्धा दिवस दुचाकीवर जातो. कंबरेच्या पार मागे, पाठीकडे उजव्या बाजूला ठेवलेले शस्त्र बसल्यावर वर सरकते आणि म्हापसा ते पणजी वाऱ्याने शर्ट उडतो तेव्हा मूठ उघडी पडते. पाठीच्या मधोमध तर कधीच ठेवू नये. स्कूटर घसरली तर लोखंड थेट मणक्याखाली येते. पोटाच्या पुढच्या बाजूला ठेवले तर लपते छान, पण बसल्यावर नळी मांडीत रुतते, आणि तिथे चुकून बार झाला तर मांडीची रक्तवाहिनी समोरच असते. नवख्यांना ती जागा मी सांगणार नाही. माझी निवड अशी : उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या जरा मागे, पँटच्या आत, मूठ किंचित पुढे झुकलेली, वर बाहेर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा नक्षीचा किंवा चौकड्यांचा शर्ट, एक माप मोठा, खालची कड जड. पांढरा लिनन घामाने चिकटला की सगळे उघड. गाडी चालवताना आत बनियन असावी, नाहीतर शस्त्र थेट कातडीला लागते आणि घामाचे मीठ त्यावर बसते.

ते मीठच गोव्यातल्या शस्त्राचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबरची दमट हवा, त्यात किनाऱ्याजवळ खारा वारा आणि अंगाचा घाम, यापुढे निळसर पॉलिशचे पोलाद फार टिकत नाही. गंज आधी दिसतो तो मुठीच्या पट्टीखाली, घोड्याच्या खाचेत आणि साइटच्या मुळाशी, जिथे फडके पोचत नाही. टायटॅनियम गंजत नाही म्हणून 'निर्भीक' घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. आतल्या स्प्रिंगा, पिना पोलादाच्याच असतात. घरी आल्यावर रोज रात्री शस्त्र रिकामे करून कोरड्या फडक्याने घाम पुसावा, मग तेलाचा हात फिरवलेल्या फडक्याने पुन्हा. तेल ठिबकले तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपते, बार फुसका जातो, आणि तो नेमका गरजेच्या वेळी जाईल. म्हणून काडतुसांना तेल लावूच नये. पावसात भिजलेले शस्त्र त्याच दिवशी पूर्ण उघडून पुसावे. रिव्हॉल्व्हरचा आतला भाग खोलणे मात्र कारागिराचे काम.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र रात्रभर ठेवू नये. चामडे ओल धरते, आणि कमावताना वापरलेली रसायने पोलादाला डाग पाडतात. पट्ट्याच्या चामडी घरांत राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा थर येतो. तसे काडतूस सिलिंडरमध्ये अडकते. रोज अंगावर असणारी काडतुसे पावसाळा संपला की सरावात संपवावीत आणि नवी भरावीत. लोखंडी कपाटात शस्त्र सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पुड्या महिन्याने वाळवाव्या किंवा बदलाव्या. बुरशीसाठी कपड्यांच्या कपाटात बारका दिवा लावायची आपली पद्धत शस्त्राच्या कपाटालाही चालते. काडतुसे वेगळ्या कुलपात, दिव्यापासून लांब. किल्ली मुलांना ठाऊक असलेल्या जागी नको.

परवान्याच्या अटी बारकाईने वाचणारे फार थोडे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शिक्षणसंस्थेचे आवार इथे जिल्हाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. शिरगावची लईराईची जत्रा असो की म्हापशाची बोडगेश्वराची, त्या दिवशी शस्त्र घरी कुलपात. मुलाला शाळेत सोडायला जातानाही. दुसरे, परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते पाहावे. फक्त गोव्यापुरता असेल तर राज्याच्या सीमेकडच्या पत्रादेवी, पोळे, मोले किंवा चोर्ला घाटातून पुढे जाताना शस्त्र सोबत असणे हा गुन्हा आहे. सावंतवाडीला लग्नाला जाणाऱ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर समारंभात हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि ज्या संध्याकाळी एक पेग जरी घ्यायचा असेल, त्या संध्याकाळी शस्त्र अंगावर नसावे. यात मला कुठलाही अपवाद मान्य नाही.

प्रशासनाला एक विनंती. परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, हे योग्यच. पण त्या प्रशिक्षणात होल्स्टरमधून शस्त्र काढणे, परत ठेवणे आणि रिकामे करणे यांचा रिकाम्या शस्त्राने भरपूर सराव करून घ्यावा. अनवधानाने होणारे बार पुष्कळदा शस्त्र परत ठेवताना होतात, शर्टाची कड ट्रिगरमध्ये अडकून. डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर धरायचा, होल्स्टरकडे बघायचे, बोट सरळ फ्रेमवर ठेवायचे आणि अंगठा घोड्यावर दाबून सावकाश आत सरकवायचे. घोडा मागे हलू लागला तर अंगठ्याला लगेच कळते आणि हात थांबवता येतो.

निवडणुका आल्या की शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतील. छाननी समितीकडे सूट मागता येते, पण ती मिळाली नाही तर जमा करण्याआधी नळीत आणि बाहेरून घट्ट ग्रीसचा थर द्यावा, कापडी पिशवीत ठेवावे, होल्स्टर देऊ नये, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर शस्त्राची अवस्था लिहून घ्यावी. परत घेताना नळी तिथेच उजेडात पाहून मगच सही करावी.

आपला,
एक परवानाधारक वाचक
फोंडा, गोवा