लोहगड, येत्या रविवारी: निघण्यापूर्वी वाचा

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं. मुंबईकरांनी लोणावळ्याला गाडी बदलावी, मळवली पुढचंच स्टेशन. परतीचं तिकीट सकाळीच काढा. दुपारी लोकल विरळ असतात.

एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव, तिथून गायमुख खिंड. खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर; धुक्यात इथेच मंडळी चुकतात. मागच्याची वाट पाहूनच पुढे निघा. स्टेशनपासून गडपायथा रमतगमत दोन तास.

गणेश दरवाजापासून वरच्या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत, उतरताना घाई तर नकोच. विंचूकाटा या गडाच्या लांब, चिंचोळ्या माचीकडे उतरणारा कातळ ओला असेल तर आपण माचीवर जाणार नाही.

प्रत्येकी दोन लिटर पाणी. खाऊ सॅकमध्येच ठेवा, हातातली पिशवी माकडं हिसकावतात.