बादलीभर गरम पाण्यासाठी, भाऊ, तुझे आभार

प्रिय भाऊ,

"ताई, माझं नाव कुठे टाकू नका," असं तू बजावलंस, म्हणून टाकत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितेय. फोनवर आभार मानायला गेले की माझा गळा दाटून येतो आणि तू "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलतोस. इथे तुला मधे बोलता येणार नाही.

तुझ्या वसतिगृहात राहणारा माझा धाकटा भाऊ मनाच्या आजारातून सावरतोय. तो आता वर्गात जातो, दोन्ही वेळा जेवतो, भाजीत मीठ कमी पडलं तर मेसवाल्याशी हुज्जत घालतो. त्या हुज्जतीच्या गोष्टी फोनवर ऐकून पारोळ्याला आमची आई डोळे पुसते.

दिवाळीत घरी आला तेव्हाच त्याचं बोलणं आटलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. एका काकांनी मोबाईल काढून घ्यायला सांगितलं, दुसऱ्यांनी उतारा करायला. तरी ही माणसं अडाणीपणाने का होईना, घरी येऊन बसत तरी होती. माझा राग आहे तो शिकल्या-सवरल्यांवर. जळगावला परतल्यावर तो स्वतःहून त्याच्या सरांकडे गेला. "झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, सारखं रडू येतं," एवढं बोलला. "इंजिनिअरिंगला आलास आणि मुलींसारखा रडतोस?" असं उत्तर मिळालं, तेही चार पोरांसमोर. त्याच कॉलेजात 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन साजरा झाला होता. पोस्टरं लागली, बक्षिसं वाटली. समुपदेशन कक्षाची पाटी आहे, आणि दाराला कुलूप. घाबरलेलं पोरगं सगळा धीर गोळा करून एकदा कुणाकडे जातं. तिथे हसं झालं की ते पुन्हा कुणाकडे जात नाही. तोही गेला नाही. खोलीचं दार लावून पडून राहिला.

समोरच्या खोलीत तू होतास. धडगावकडचा, त्याच्याहून एक वर्ष पुढे. तुमची ओळख जेवणाच्या रांगेपुरती. तू त्याला 'मन घट्ट कर' म्हणाला नाहीस, आईबापाच्या कष्टांची आठवण करून दिली नाहीस. संक्रांतीच्या आधीची थंडी होती, आणि खान्देशातली थंडी काय असते ते आपल्यालाच माहीत. त्याने कितीतरी दिवस आंघोळ केली नव्हती, कपडे बदलले नव्हते. एका सकाळी तू रॉड लावून पाणी तापवलंस, बादली बाथरूमात नेऊन ठेवलीस, वर तुझा धुतलेला टॉवेल आणि साबणाची नवी वडी. दारातून एवढंच म्हणालास, "पाणी काढलंय रे, निवून जाईल." आणि बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसलास.

हे मला त्यानेच सांगितलं, आणि सांगताना तो थांबून थांबून बोलत होता. म्हणाला, "ताई, कुणी आंघोळ कर म्हटलं असतं तर मी उठलो नसतो. पाणी निवेल म्हणून उठलो." बादली भरायची, रॉड लावायचा, तापेपर्यंत थांबायचं, एवढंसुद्धा त्या अवस्थेत डोंगर चढण्यासारखं होतं. तो सगळा चढ तू त्याच्यासाठी आधीच चढून ठेवलास. पहिल्या वर्षाला तूही असाच पडून होतास, हे त्याला खूप नंतर कळलं.

त्यानंतर तू दोन गोष्टी केल्यास, ज्या मोठ्या मोठ्या माणसांना जमत नाहीत. त्याला सरळ विचारलंस, "मरायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसेल, ही भीती खोटी आहे. विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला. मग तू त्याला सांगितलंस, "हे मी पोटात ठेवणार नाही. तुझ्या ताईला आत्ता फोन लावतो, तू शेजारी बस." तो चिडला, तरी तू लावलास. दोस्तीची शपथ घालून गप्प बसवणारे आणि गप्प बसणारे पुष्कळ असतात. तू बसला नाहीस.

मी धुळ्याहून एसटीने निघाले. मी पोचेपर्यंत तू त्याला एकटं सोडलं नाहीस, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर त्याला कुणाशी तरी मराठीत बोलायलाही लावलं होतंस. हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून रात्रंदिवस चालू आहे, फुकट आहे, आणि आमच्या घरात एकालाही माहीत नव्हता. पुढचं सिव्हिल, गोळ्या, रजा, ते इथे सांगत बसत नाही. मानसिक आजारावर उपचार मिळणं हा 2017 च्या कायद्याने हक्क आहे, हेही मला तेव्हाच कळलं. पण हक्कापर्यंत पोचवायला माणूस लागतो.

आपल्याकडे कुणाच्या घरी मयत झालं की भाऊबंद न सांगता पिठलं-भाकरी घेऊन येतात. कुणाला टायफॉइड झाला की सगळी गल्ली शहाळी आणते. ही माणुसकी आपल्या रक्तात आहे. मग मन आजारी पडलेल्या पोरांच्या वाट्याला ती का येऊ नये? तुझ्याकडे कसलं प्रमाणपत्र नव्हतं. तुझा पेपर चार दिवसांवर होता, तरी तू पायरीवर बसलास. असा एक मुलगा प्रत्येक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर असावा, आणि त्याला आधार द्यायला कुलूप न लावलेलं एक दार असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्याबद्दल. आता म्हणे इतर मुलंही रात्री-अपरात्री तुझं दार वाजवतात. भाऊ, सगळ्यांचं ऐकून तुझं काय होतं, ते कुणाला सांगतोस? थकलास तर मला फोन कर, वेळ बघू नकोस. आणि गोष्ट मोठी असेल तर एकटा उचलू नकोस, डॉक्टरांकडे पाठव.

आई म्हणते, "तो मना दुसरा आंडोर शे," म्हणजे तू तिचा दुसरा मुलगाच. तेव्हा आखाजीला, अक्षय तृतीयेला, पारोळ्याला यायचं, मीही माहेरी असेन. आई खापरावरच्या पुरणपोळ्या करणार आहे, आमरस असेल. तुझ्या आईवडिलांनाही घेऊन ये. धडगावहून निघताना फोन कर, माझा धाकटा भाऊ तुम्हाला घ्यायला स्टँडवर येईल.

तुझी,
ताई