विषय : टायमिंग लाइटची डायल निकामी असणे व ग्राहक सेवेने दिलेले उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमचा टायमिंग लाइट, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडते ते झोत टाकून दाखवणारा दिवा, मी घेतला. त्याची अॅडव्हान्स डायल (ठिणगी किती अंश आधी पडते ते मोजणारी) फिरते, पण तिचा परिणाम शून्य आहे. इंजिन आयडलिंगवर ठेवून डायल शून्यावरून १० अंशांवर नेली की इंजिनच्या पुलीवरची खूण तेवढीच सरकलेली दिसायला हवी. मी खडूने पांढरी केलेली खूण मात्र जागची हलत नाही. क्लॅम्प पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरवरच आहे, त्यावरचा बाण प्लगकडे आहे आणि बॅटरी १२ व्होल्टची, नवीन आहे. द्वारका परिसरातील एका गॅरेजचा लाइट याच गाडीला लावल्यावर खूण डायलबरोबर व्यवस्थित सरकली.

साधा लाइट स्वस्तात मिळत असतानाही मी डायलसाठी जास्त पैसे मोजले, कारण तिच्यामुळे शून्याच्या एकाच खुणेवरून हवे तितके अंश मोजता येतात. तुमच्या डायलवर विसंबून मी ती १० वर ठेवली, प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला आणि खूण शून्याला जुळवली. ठिणगी प्रत्यक्षात शून्यावरच, म्हणजे दहा अंश उशिरा पडत होती. परिणामी वडिलांची पद्मिनी गाडी कसारा घाटात दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना उन्हात रस्त्याकडेला बसून राहावे लागले.

मंगळवारी मी चौथ्यांदा फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने विचारले, "लाइट लागतो का, सर?" मी म्हणालो, "लागतो, पण डायल काम करत नाही." "लागतो ना? मग प्रॉडक्ट ओके आहे." मी पुली, खूण, अंश हे सगळे पुन्हा सांगितले. आयडलिंगला, मिनिटाला ८०० फेऱ्यांना, पहिला प्लग मिनिटाला ४०० वेळा पेटतो आणि डायलने त्या प्रत्येक झोताला ठरलेला उशीर द्यायचा असतो, हेही समजावले. पलीकडे काही वेळ शांतता होती. मग उत्तर आले, "सर, अशी कामे घरी करायची नसतात, मेकॅनिककडे द्या." तुमच्याच खोक्यावर 'घरगुती वापरासाठी' असे ठळक छापले आहे. पंचवीस वर्षे ही गाडी मी स्वतः सांभाळली आहे; ते वाक्य मला फार लागले. वरिष्ठांशी बोलायचे आहे असे म्हटल्यावर फोन कट झाला.

लाइट लागतो, हे मीही चार वेळा सांगितले आहे. मी पैसे डायलचे दिले आहेत. उपकरण बनवणाऱ्या कंपनीला तिचा उपयोग ठाऊक असणारच, म्हणून ही तक्रार ज्याला इंजिन कळते अशा माणसाच्या हाती द्यावी. पंधरा दिवसांत नवा, तपासलेला लाइट किंवा पूर्ण रक्कम आणि त्यासोबत लेखी उत्तर मिळावे. अन्यथा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहत्या जिल्ह्यातच, नाशिकच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. दोन्ही लाइटचे व्हिडिओ मी जपून ठेवले आहेत.

आपला ग्राहक,
सिडको, नाशिक