पगारवाढीचा हिशोब

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "वरच्या स्लॅबमध्ये गेलीस तर आत्ता येतंय त्याहूनही कमी हातात येईल, वाढ घेण्याआधी विचार कर." तेव्हा माझ्याजवळ आकडे नव्हते, म्हणून गप्प राहिले. आज नव्या पगाराची पहिली स्लिप आली. ती समोर ठेवूनच लिहितेय.

तुमच्या स्लिपवर राज्याची एकच कपात असायची, व्यवसाय कर. अकरा महिने २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. पगार वाढला तरी तो आकडा जागचा हलत नसे. न्यू जर्सीत मात्र राज्याचा स्वतःचा आयकर आहे, केंद्राच्या म्हणजे फेडरल करापेक्षा वेगळा, आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात सगळ्यांना सरसकट ३.०७ टक्के, टेक्सासात तर पगारावर राज्याचा करच नाही.

माझा पगार दर दोन आठवड्यांनी होतो, आता ३,००० डॉलर. कंपनी आधी त्याला २६ ने गुणते, म्हणजे वर्षाचे ७८,०००. नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मवर मी एक सूट मागितली होती, तिचे १,००० वजा. उरले ७७,०००. आता टप्पे. पहिल्या २०,००० वर दीड टक्का, म्हणजे ३००. पुढच्या १५,००० वर दोन टक्के, आणखी ३००. त्यापुढच्या ५,००० वर ३.९ टक्के, १९५. मग ३५,००० वर ६.१ टक्के, २,१३५. इथे ७५,००० पुरे झाले. सात टक्क्यांच्या टप्प्यात गेले ते फक्त उरलेले २,०००, त्यांचे १४०. एकूण ३,०७०. त्याला २६ ने भागलं की ११८.०८, आणि स्लिपवर तोच आकडा आहे.

आजोबांच्या मळ्यात लसणाला दारं धरायला आपण जायचो, आठवतं? पहिला वाफा भरला की तुम्ही खोऱ्याने माती ओढून त्याचं दार बुजवायचात आणि दुसऱ्याचं उघडायचात. पाणी दुसऱ्यात गेलं म्हणून पहिल्यातलं कमी होत नसे. माझ्या पगाराचंही तसंच आहे. सात टक्के सगळ्या ७७,००० वर लागले असते तर ५,३९० गेले असते.

वाढीआधी पगार ७४,००० होता आणि दर खेपेला १०८ डॉलर कापले जायचे. म्हणजे वाढीचे दर पंधरवड्याला जे १५४ डॉलर येतात, त्यातले दहा राज्याला. फेडरल कर, सोशल सिक्युरिटी (इथली पेन्शन), मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांचा वाटा वेगळा जातोच, पण ते सगळं जाऊनही हातात आधीपेक्षा जास्तच येतंय.

आई, डिसेंबरात बोनसच्या पगारातून केवढी कपात झाली म्हणून मी रडकुंडीला येऊन तुला फोन केला होता ना? त्याचं कारण आता कळलं. त्या खेपेला बोनस पगारातच जोडून आला होता, आणि हिशोबात जणू वर्षाच्या सव्वीसही पगारांत तो मिळणार असं धरलं गेलं. जास्तीचं कापलेलं विवरणपत्र भरल्यावर परत येतं.

एरवीही थोडं परत मिळतं, कारण कापण्याचे दर खऱ्या दरांपेक्षा जरा चढे ठेवलेत. खरे दर १.४, १.७५, ३.५, ५.५२५ आणि ६.३७ टक्के. वर्षभर हाच पगार राहिला तर माझा खरा कर सुमारे २,७७९ डॉलर बसतो आणि कापले जातील ३,०७०. बाबा, तुमच्या वहीत एकदा पेन्सिलीने करून बघा आणि रविवारी सांगा. मला २९१ परत येताना दिसतायत.

वाढीच्या पत्रावर मी सही केली आहे.

तुमची,
ताई