सुमे, सही करण्याआधी तुला लिहितेय

लियों

प्रिय सुमे,

तब्येत बरी आहे, गुडघा चालतोय. लेकीकडे आलेय हे तुला ठाऊकच आहे. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मधेच "अगं पण" म्हणतेस आणि माझं मुख्य तेवढं सांगायचं राहून जातं.

दादाने आमच्या द्राक्षबागेच्या हक्कसोडीचा कागद तयार केलाय, म्हणजे माझा वाटा मी सोडला असं लिहून द्यायचं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला, "परत आल्यावर एकदा सही करून जा, म्हणजे सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायला आम्ही मोकळे." आवाजात जराही वाकडेपणा नव्हता. तोच असता तर मला सोपं गेलं असतं.

हे तुलाच कळेल. तुझ्या सहीच्या वेळी पिंपळगावच्या स्टँडवर आपण केवढ्या भांडलो होतो! उसाचा रस गरम झाला तरी तू थांबली नाहीस. "तुझ्यावर वेळ येईल तेव्हा कळेल," असं म्हणून गाडीत बसलीस. आली बघ वेळ. आणि तरीही, सही करू नकोस हे तेव्हाचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

काल लेक मला बर्गंडीत, फ्रान्सच्या द्राक्षांच्या मुलखात घेऊन गेली. बोन नावाच्या गावातून वाट दाखवायला एक बाई गाडी घेऊन आल्या. आपल्याच वयाच्या, द्राक्षवाल्यांच्याच घरातल्या. बोनहून उत्तरेला निघालं की नुई-सें-जॉर्ज, व्होन, वूझो, मोरे अशी गावं लागतात आणि डाव्या हाताला उतारभर बागा. वेली कमरेएवढ्या. मंडप नाही, आपल्यासारखे वाय आकाराचे आधार नाहीत, तोडणीला वाकायचं. फुलोरा चालू होता. फुलोऱ्यापासून शंभर दिवसांनी तोडणी, हा त्यांचा जुना हिशेब. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत, कारण वेल पानं टाकून झोपलेली असते. मी आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांगितली तर बाईंनी गाडी बाजूला घेतली. "मग वेल विश्रांती कधी घेते?" म्हटलं, आमच्याकडे ना वेल घेते ना माणसं.

एका बागेत पानांवर निळसर डाग दिसले आणि मी लांबूनच ओरडले, बोर्डो! मोरचूद आणि चुना. आप्पांच्या बाह्यांवर वर्षभर असायचे तेच डाग. हे औषध निघालं बोर्डोकडच्याच बागांतून, 1885 च्या सुमारास. रस्त्याकडेची द्राक्षं कुणी चोरून खाऊ नयेत म्हणून ते शिंपडायचे, आणि नेमक्या त्याच ओळी डाऊनी रोगातून वाचल्या. आता युरोपात तांब्यावर मर्यादा आहे, हेक्टरी सात वर्षांत 28 किलो. दादाला हे सांगायला मी उतावीळ झालेय. बघ, भांडण ज्याच्याशी व्हायचंय त्यालाच आधी फवारणीचं सांगायचंय. 2021 च्या एप्रिलमध्ये इथे कडाक्याचं दहिवर पडलं, तेव्हा रात्रभर ओळीओळीत मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या म्हणे. निफाडला पारा उतरला की दादाही बागेत शेकोट्या करून रात्र काढतो. माझा वाटा मागताना मला त्या रात्री विसरता येत नाहीत. नेमकं तिथेच अडतंय.

मग वूझो आलं. मठातल्या साधूंनी मध्ययुगात भिंत घालून राखलेली बाग, पन्नासेक हेक्टर म्हणजे जवळजवळ सव्वाशे एकर. 1889 पर्यंत मालक एकच होता. मग विकली गेली, वाटण्या होत गेल्या आणि आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला जेमतेम काही ओळी. फ्रेंच क्रांतीनंतरच्या, 1804 च्या कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. दादाचं म्हणणं तू ऐकलंयस, "बहिणींना दिलं की बागेचे तुकडे होतात, तुकडे झाले की बाग मरते." सुमे, त्या भिंतीशी मी किती वेळ उभी होते! तुकडे झालेत, आणि तिथली वाइन जगातल्या महागड्या वाइनमध्ये मोजली जाते.

पण दादाचं सगळंच खोटं नाही, हेही लिहायला हवं. जमिनीच्या किमती इतक्या चढल्यात की एका भावंडाला दुसऱ्याचा वाटा घेणं परवडत नाही. वर वारसाकर. मग घराणीच्या घराणी विकून मोकळी होतात. मोरेला क्लो द तार नावाची बाग आहे, साडेसात हेक्टरची. 1141 मध्ये जोगिणींच्या मठाने घेतली आणि क्रांतीपर्यंत साडेसहाशे वर्षं बायकांनीच राखली. आजवर तिचा एकही तुकडा पडलेला नाही. तीही 2017 मध्ये एका अब्जाधीशाच्या कंपनीकडे गेली. म्हणून बरीच घरं आता जमीन एकत्र ठेवून कंपनीसारखे हिस्से वाटून घेतात. बाग एक, कसणारा एक, कागदावर नावं सगळ्यांची. मला एवढंच हवंय गं. पैसा नको, बांध नको. सातबाऱ्यावर आप्पांच्या खाली माझं नाव.

वाटाड्या बाईंच्याही काही ओळी आहेत. भाऊ कसतो आणि त्यांच्या वाट्याची वाइन बाटल्यांत भरून घरी येते, आपल्याकडे वाट्याने देतात तसंच. मी लेकीला म्हटलं, विचार त्यांना, वाटा घेतला तेव्हा भाऊ रागावला नाही? त्यांना प्रश्नच कळेना. लेकीने पुन्हा विचारला. बाई म्हणाल्या, "पण तो माझाच होता."

तळघरात चवी घेतल्या. घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा असतो. तुझ्या आत्याबाईंना सांग, म्हणजे त्यांना आठवडाभर पुरेल.

कायदा मला पाठ झालाय. 2005 ची दुरुस्ती, त्यावर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, वडील आधी गेलेले असले तरी मुलीचा हक्क जन्मापासून. आमची बाग वडिलोपार्जित, वाटणी झालेली नाही. म्हणजे कायद्याने काहीच अडत नाही. अडतं ते भाऊबीजेला. तू सही केलीस, तुझं माहेर टिकलं, दर दिवाळीला पेटी भरून द्राक्षं येतात असं तू सांगायचीस. आता खरं सांग. सातबारा बघायला मिळाला तर तुला काय वाटतं? चांगलं वाटत असेल तर तसं लिही, मी मानेन. पण मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

आणि दुसरं. दादा माझं ऐकताना चिडतो, तुझं ऐकतो. शाळेपासून तेच. मी आल्यावर त्याच्याकडे जाईन, तेव्हा तू बरोबर ये. बोलायचं मी. हिस्से आणि एकत्र बाग हे मीच समजावीन, कर्जाला लागेल तिथे सही द्यायचीही माझी तयारी आहे. फक्त हक्कसोड नाही. तू नुसती शेजारी बस.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? धाकट्याला हॉस्टेल मिळालं असेल तर त्याला माझ्याकडची जाड रजई घेऊन जायला सांग. तुझ्या भिशीचा नंबर लागला म्हणे, छान.

लगेच लिही.

तुझी,
माई

ता. क. हे वहिनीच्या कानावर इतक्यात घालू नकोस. तिला मी समोर बसून सांगणार आहे.