ठाण्याची जागा ठरली आहे

प्रिय आई, बाबा,

शालोम.

फोनवर आई मला बोलूच देणार नाही, म्हणून लिहिते आहे. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ तुमच्यासाठी जागा भाड्याने घेतली. डिपॉझिट देऊन झालं. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण आई, नाल्याची सफाई करून घेताना तुला चक्कर आली हे मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. तूही कुठे सांगितलंस? फिटंफाट.

अलिबागचं, इस्रायल आळीतलं घर विकायचं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे बाबा पुढचं शांतपणे वाचतील. पावसाळाभर या, सणांपर्यंत राहा, मग बघू. तळमजला आहे. कमोड आहे, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या बसवून घेतल्यात. सकाळचं ऊन येतं. सिनेगॉग, आपलं प्रार्थनामंदिर, चालत पाच मिनिटं, म्हणजे शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, रिक्षाचा प्रश्न नाही. कोशेर, म्हणजे आपल्या धर्मनियमाप्रमाणे कापलेली, कोंबडी मिळते. नारळ मात्र अलिबागहूनच नेऊ, इथले आईला पटायचे नाहीत.

बाबा, ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं. आपलं अलिबागचं मागेन आबोथ 1848 चं, हे तुम्ही लगेच काढालच. मिन्यानला, सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना किती घरं फिरावी लागतात तेही ठाऊक आहे. त्यातला एक उठला तर काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी या.

आई, खरी अडचण तू. नगरसेविकापद सोडून इतकी वर्षं झाली, तरी सकाळी ओटीवर अर्ज घेऊन माणसं बसलेलीच. 1993 च्या घटनादुरुस्तीनंतर बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि ‘शनवार तेल्यांच्या बाई’, म्हणजे शनिवारी तेलघाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या बेने इस्रायल ज्यूंमधली तू, निवडणुकीला उभी राहिलीस. आपली माणसं बहुतेक इस्रायलला गेलेली, आळीत उरलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. तुला निवडून दिलं ते कोळणींनी, आगरणींनी, मोहल्ल्यातल्या बायकांनी. शनिवारी सभा लागली की चालत जायचीस, भांडायचीस, पण शब्बाथला लिहायचं नाही म्हणून हजेरीवर सही नाही. कागदावर गैरहजर आणि इतिवृत्तात पानभर तुझंच बोलणं! शुक्रवारी दिवे लावायच्या जेमतेम आधी घरी यायचीस, पदराला ब्लिचिंग पावडरचा वास. त्याच पदरात तोंड खुपसून मी विचारायचे, मनुकांचं सरबत कधी? अजून तो वास आला की मला भूक लागते.

काम सोड म्हणत नाही. फोनवरूनही मुख्याधिकाऱ्यांना घाम फुटेल इतका तुझा आवाज शाबूत आहे. आणि ती वॉर्डातली मुलगी तुझ्यामागे फाइल घेऊन फिरते ना, तिला जरा बोलू दे. तू असलीस की ती तोंड उघडत नाही. रागावू नकोस, तुझ्यापुढे मीही कुठे उघडते?

आता ऐका. रक्तदाबाची गोळी नाश्त्याबरोबर, ‘आठवली की’ नाही. स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, प्रार्थनेची ती डबी, पुसायचा नाही. कौलं शाकारायला गडी सांगितलाय. निसर्ग वादळानंतर बाबांनी शिडी धरली होती तशी आता धरायची नाही. योम किप्पूरच्या उपासाचं डॉक्टरांना मी विचारते, तुम्ही आपापसात ठरवू नका.

रविवारी गाडी घेऊन रोरो बोटीने मांडव्याला उतरते. मलिद्याचा विधी केल्याशिवाय आई उंबरा ओलांडणार नाही, म्हणून आधी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या टप्प्यावर जाऊन येऊ. पोहे, खजूर, फळं मी आणते. नारळ वहिनी खवतील. आई, तू नाही.

तुमची,
बबी